एकतीस वर्षं न उघडलेले फोर्क

कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी माणसं मोजून तीन. एक मी, आणि दोघं पहिल्या मजल्यावरचे खांबेटे. हे कळायला मला दोन महिने लागले. बँकेनं माझी सांगलीहून इथं बदली केली तेव्हा मी रागानं इतकी धुमसत होते, की जिन्यात कोणी भेटलं तरी मान वर न करता तिसऱ्या मजल्यावर जायचे आणि दार लावून घ्यायचे. पन्नाशी उलटलेल्या बाईला एकदम नवं गाव, नवी भाषा आणि घराघरातून येणारा मोहरीच्या तेलाचा वास, याला मी शिक्षाच समजत होते.

एका शनिवारी दुपारी बाजारातून परत येत होते. जिन्याखालून आवाज आला, "अगं ये ना बाई! किती आढेवेढे घेशील? मी काय मारणार आहे का तुला?"

मराठी! मला वाटलं कोणी मांजरीला बोलावतंय, नाहीतर रुसलेल्या नातीला. वाकून बघितलं. जिन्याखाली एक कोंदट खोली आहे, तिथं सगळ्या बिऱ्हाडांनी मोडक्या खुर्च्या आणि फुटके टेबलफॅन कोंबून ठेवलेत. मधोमध लाकडी खोक्यावर एक जुनी येझदी मोटरसायकल टेकवून उभी केली होती, पुढचं चाक काढलेली. तिच्यासमोर पाटावर साठीची एक ठेंगणी बाई बसली होती. चष्मा कपाळावर, ओढणी कमरेला, हातात पाना. ती एका नटाशी बोलत होती. तेवढ्यात नट कुरकुरत फिरला. "शहाणी गं ती," असं म्हणून तिनं तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मराठी ना?" तिनं विचारलं.

मी तोंडही उघडलं नव्हतं. "कशावरून?"

"बरोबर जागी हसलात."

या वृंदाताई. त्यांच्या नादानं पुढं पावणेदोन वर्षांत मी काय काय शिकले ते सांगत बसले तर वेळ पुरायचा नाही. पण येझदीचं पुढचं चाक धरून रस्त्याचे दणके झेलणाऱ्या दोन फोर्कची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वृंदाताई चोविसाव्या वर्षी नोकरीसाठी कोलकात्याला आल्या त्या इथल्याच झाल्या. केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत त्या धातूंची तपासणी करायच्या. क्रेनचा हुक मोडला, लिफ्टचा दोर तुटला, पुलाचा बोल्ट निखळला, की तुकडे यांच्या टेबलावर यायचे. तुकड्याकडे बघून तो कसा आणि कशामुळं मोडला हे सांगायचं, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा धंदा. कंत्राटदार यायचे, साहेबांचे फोन यायचे, कोणी मिठाईची खोकीही आणायचं. बाई ढिम्म. खोकी जशीच्या तशी परत जायची आणि अहवालात जे दिसलं तेच लिहिलं जायचं.

नोकरी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी ही येझदी जुन्या बाजारातून घेतली. अनिलरावांशी लग्न झाल्यावर ते मागे बसू लागले. अनिलराव विमा कंपनीत हिशेबाच्या खात्यात. सरळ माणूस, यंत्राचा मात्र गंध नाही. बायको पुढं आणि नवरा मागं हा देखावा बघायला गरियाहाटच्या कोपऱ्यावरचे लोक चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबायचे म्हणे. कोणी डिवचलं तर अनिलराव म्हणायचे, "मला चालवता येत नाही, तिला येते. यात लपवायचं काय?" पस्तीस वर्षांपूर्वी असं बोलायला हिंमत लागत होती.

आणि मग १९९३ सालचा तो रविवार.

बागबाजारच्या बाजूला गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी रोपांचा बाजार भरतो. अनिलरावांना सोनचाफ्याचं रोप हवं होतं. उन्हं वर यायच्या आत दोघं निघाले. तेव्हा सकाळी सकाळी महापालिकेची माणसं नळाला जाड पाइप लावून गंगेच्या पाण्यानं रस्ते धुवायची. रस्ता ओला, ट्रामचे रूळ ओले. एका वळणावर वृंदाताईंनी ब्रेक दाबला, पुढचं चाक रुळावरून सटकलं आणि गाडी आडवी झाली. वृंदाताईंचं कोपर खरचटलं. अनिलरावांचा गुडघा गाडीखाली आला.

दोनदा ऑपरेशन झालं. गुडघा कायमचा अर्धवट वाकलेला राहिला. दर रविवारी अर्धं शहर पायी पालथं घालणारा माणूस काठीवर आला. बढती नाकारली, कारण बढतीबरोबर फिरती होती. वृंदाताईंनी गाडी जिन्याखाली आणून उभी केली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. रिटायर झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली काढली.

हे सगळं त्यांनी मला एकदम नाही सांगितलं. मी शनिवारी चहाचा थर्मास घेऊन खाली जायची, स्टूल ओढून बसायची. त्या काम करायच्या, मी बडबडायची. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी म्हटलं, "ताई, भंगारात घाला हो हे. कशाला जीव आटवताय?"

त्या हसल्या, पण हात थांबला. "ऋता, मला एकच जाणून घ्यायचंय. त्या दिवशी गाडी पडली, की मी पाडली?"

मी चहाचा कप पुढं केला, त्यांनी तो बाजूला ठेवला.

"पोलीस म्हणाले, बाई चालवत होती ना, मग झालं. शेजारीपाजारी हेच म्हणाले. हे मात्र एका अक्षरानंही बोलले नाहीत. चिडले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं. बोलले नाहीत म्हणजे त्यांनाही तसंच वाटत असणार. लोकांच्या तुटलेल्या बोल्टांचा मी जन्मभर निकाल दिला. माझा निकाल याच्यात आहे." त्यांनी पान्यानं फोर्कवर हलकेच टकटक केलं. "कुठली नळी आधीच वाकलेली असेल, स्प्रिंगला जुनी चीर असेल, बॉल-बेअरिंग खाल्लेलं असेल, तर दिसेल. लोखंड काही विसरत नाही."

एवढं ऐकल्यावर माझी भंगाराची भाषा बंद झाली.

त्यांची कामाची पद्धत बघण्यासारखी होती. एक लांबट वही. डावीकडे भागाचं नाव, मध्ये 'काय दिसलं', उजवीकडे 'निष्कर्ष'. उजवा रकाना सगळी तपासणी संपेपर्यंत कोरा. मधल्या रकान्यात वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं. पहिल्याच पानावर खालचे तेलाचे स्क्रू काढल्याची नोंद होती : 'दोन्ही स्क्रू काढले. तेल आलं नाही.' मी विचारलं, "आटलं असेल का?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? आलं नाही एवढंच दिसलं."

मला आतापर्यंत वाटत होतं की जुनी गाडी खोलायची म्हणजे हातोडी घेऊन ठोकाठोक. वृंदाताईंकडे हातोडी होती, पण ती दाराला अडसर म्हणून ठेवलेली. फोर्कच्या नळ्या वर-खाली दोन पट्ट्यांत घट्ट धरलेल्या असतात आणि प्रत्येक नळीच्या डोक्यावर एक मोठा बोल्ट असतो. नवशिका आधी पट्ट्या सोडतो, नळी बाहेर काढतो, आणि मग डोक्यावरचा बोल्ट काढायला जातो. मग नळी हातातल्या हातात गोल फिरते आणि हा घाम पुसत बसतो. वृंदाताईंनी नळ्या पट्ट्यांत असतानाच डोक्यावरचे बोल्ट ढिले करून ठेवले. "गाडीनंच गाडी धरायची. आपण दोन हातांची माणसं."

उजवी नळी अर्ध्या तासात बाहेर आली. डावी गंजून पट्टीला चिकटून बसली होती. नाक्यावरचा इस्त्रीवाला रोज डोकावून जायचा. "दीदी, मिस्त्री डाकबो?" मिस्त्रीला बोलावू का, म्हणून.

"मिस्त्री तो आमिइ," या म्हणायच्या. मिस्त्री मीच.

पट्टीच्या फटीत त्यांनी लाकडाची पातळ पाचर बसवली, वरून गंज सोडवायचं तेल सोडलं, आणि सोडून दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ दोन थेंब तेल. नळीला हातानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पिळायचं, की बस. चार दिवस झाले, पाच झाले. माझ्यासारखीनं सहाव्या मिनिटाला घण घातला असता. सहाव्या दिवशी मी ऑफिसातून येते तर बाई डावी नळी मांडीवर घेऊन चहा पीत बसलेल्या. "आली हो. आपणहून आली."

या सगळ्यात मला अनिलरावांचा राग यायचा. ते जिन्याखालच्या खोलीत कधीच यायचे नाहीत. जिन्यावरूनच म्हणायचे, "वृंदा, टाकीला रंग दे, सीट शिवून घे, छान दिसेल. पुढचं कशाला उघडतेस?" एकदा नाही, दर दोन दिवसांनी. मी मनात म्हणायची, तुमचा गुडघा दुखतोय हे खरं, पण बायकोच्या मनाला एकतीस वर्षं ठसठस लागलीय ती दिसत नाही का? आणि पावसाळ्यात त्यांची काठी जिन्यात टक टक करत जायची तेव्हा वृंदाताई हातातलं काम थांबवायच्या. काठी वर जाईपर्यंत थांबायच्या. मग पुन्हा सुरू.

आता तपासणी. मोडक्या शोकेसची काच जमिनीवर ठेवून त्यांनी नळ्या पोळी लाटावी तशा तिच्यावर फिरवल्या. नळी कुठं वाकलेली असेल तर काच आणि नळीच्या मधून उजेड दिसतो. दिसला नाही. वहीत लिहिलं, 'सरळ.' दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या, एकीला भिंग लावलं, मग दुसरीला. 'उंची सारखी. चीर नाही.' हँडलच्या खालच्या बेअरिंगच्या गोळ्या रॉकेलमध्ये धुतल्या, एकेक बोटावर फिरवून बघितली. 'ठीक.'

प्रत्येक 'ठीक'बरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. गाडीत दोष सापडला असता तर या सुटल्या असत्या, आणि दोष सापडत नव्हता. मी हे बघत होते आणि मला राहून राहून वाटत होतं, की खोटं लिहा हो, कोण बघतंय? एका स्प्रिंगेत एक बारीक चीर लिहा. बाईंचं अक्षर मात्र एका ओळीत हललं नाही. माझ्या बँकेतली निम्मी माणसं अशी असती तर मला इतकी वर्षं घसा फोडावा लागला नसता.

राहिले होते फक्त फोर्कचे खालचे भाग, ज्यांच्यात तेल असतं. उजवा शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरला, वरचं बूच पिळून काढलं आणि तेल अडवणारं ऑईल सील उचकटलं. वृंदाताईंनी बॅटरीचा उजेड आत टाकला आणि भुवया उंचावल्या. एक लांब काडी आत घालून बाहेर काढली. काडीला काळपट तपकिरी, चिकट असं काहीतरी लोंबत होतं.

"गाडीचं तेल असं होत नाही," त्या पुटपुटल्या. "काळं होतं, पातळ होतं, पण असं होत नाही." त्यांनी ते दोन बोटांत धरून ताणलं. मग माझ्याकडे बघितलं. "ऋता, हे तू कुठं बघितलंयस?"

मी बोट लावलं, आणि कोणत्याही बाईला कळावं तसं मला कळलं. दिवाळीचं तळण झाल्यावर कढईच्या कडेला जो चिकटा धरतो, घासता घासता नखं तुटतात पण निघत नाही, तो हा.

"खायचं तेल?" मी म्हटलं.

"खायचं तेल," वृंदाताई म्हणाल्या, आणि पाटावर बसल्या त्या बसूनच राहिल्या.

डावाही उघडला. त्यातही तेच. पार तळाशी थोडं ओलसर राहिलं होतं, त्याला खवट, झणझणीत वास होता. मोहरी! त्यांनी वहीत लिहिलं, 'दोन्ही बाजूंना मोहरीचं तेल.' मग पेन्सिल खाली ठेवून मला सांगू लागल्या.

या घराच्या जुन्या मालकीणबाई, सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. गावाकडून घाण्याचं तेल आलं की त्या दर वर्षी खांबेट्यांना आवर्जून तीन-चार लिटर द्यायच्या. या दोघांना तेव्हा त्या तेलाचा वास सोसवायचा नाही. नको म्हणावं तर माशीमा दुखावणार, आणि स्वयंपाकघरात तसंच ठेवावं तर त्या येता जाता उघडून बघणार. म्हणून वृंदाताईंनी ते कोणालाही न सांगता गाडीच्या तेलाच्या रिकाम्या निळ्या डब्यात ओतलं आणि जिन्याखाली, गाडीच्या बाकी डब्यांच्या रांगेत, ठेवून दिलं. माशीमांना मात्र सांगायचं, आज वांगी केली तुमच्या तेलात, काय चव आली!

"डबा मीच तिथं ठेवला," वृंदाताई म्हणाल्या. "पण फोर्कमध्ये मी नाही घातलं. दर दिवाळीला मी तेल बदलायची. त्या वर्षी ऑफिसात इतकं काम होतं की बदललंच नाही. मग कोणी…"

जिन्यावर काठी वाजली. टक टक. वर न जाता खाली आली.

अनिलराव दारात उभे होते. खोलीत पाऊल टाकताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी काडी बघितली, आमची तोंडं बघितली, आणि म्हणाले, "मी घातलं."

मी उठून स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत.

"तुला वेळ नव्हता. तुझा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. तुला करताना मी बघितलं होतं, खालून जुनं सोडायचं, वरून नवं घालायचं. म्हटलं, एवढं तर मला जमेल. तुला सांगायचं नाही, गाडी मऊ चालली की तूच विचारशील." ते थोडं हसले, आणि ते हसू बघवेना. "सर्दीनं नाक बंद होतं, वास काही आला नाही. आठवड्यानं आपण पडलो. मला काहीच कळलं नाही. पुढं आठ महिन्यांनी कुबडीवर इथं खाली आलो, तो डबा हाताला लागला. तळाशी थोडं होतं. या वेळी वास आला, आणि लगेच ओळखला."

"आणि सांगितलं नाही?" वृंदाताईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"भ्यालो. आज सांगू, उद्या सांगू. लोक तुला बोलत होते, तू खाली मान घालून ऐकत होतीस, आणि मी गप्प. माझी शिक्षा गुडघ्यानं भोगली समजलो मी, वृंदा, पण तू कशाची भोगलीस? माझ्यामुळं पडलो आपण. तुझी काही चूक नव्हती."

मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि सगळ्यात जास्त आनंद झाला. सुटल्या की हो बाई! नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता लिहा उजव्या रकान्यात आणि मिटवा वही.

वृंदाताईंनी ती चिकट काडी वर्तमानपत्रावर ठेवली. मग डोळे पुसून उठल्या. "अहो, देवघरातलं अभिषेकपात्र कुठंय?"

"काय?"

"तांब्याचं, बुडाला भोक असलेलं. आणा बघू. ऋता, मोहरीचं ताजं तेल पाहिजे, कोणाकडे मिळेल?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं, आणि स्वतःच ओशाळले. एवढ्या महिन्यांत वांगं मला त्याच तेलात बरं लागायला लागलं होतं.

अनिलराव अभिषेकपात्र घेऊन आले, पण देताना कुरकुरले, "देवाचं आहे गं ते."

"चिंचेनं घासून परत देते. देव काही रागावणार नाही, खरं-खोटं करायचंय."

त्यांनी पात्र पक्कडीच्या दोन दांड्यांवर टेकवलं, खाली मापाचा काचेचा पेला ठेवला. प्रयोगशाळेतही तेल दाट की पातळ हे असंच बघतात, भोकातून ठरावीक माप गळायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आधी फोर्कसाठी आणलेलं नवं तेल ओतलं. भोकातून सोनेरी धार लागली. "ऋता, घड्याळ धर." पन्नास मिलीच्या रेघेला तेल टेकलं. एक मिनिट बावन्न सेकंद. पात्र पुसून, धुऊन, कोरडं केलं. मग माझं मोहरीचं तेल. अनिलराव आता स्टुलावर बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर, आणि त्या धारेकडे असे बघत होते जणू डॉक्टरच्या खोलीबाहेर बसलेत.

एक मिनिट अठ्ठावन्न.

"पुन्हा," वृंदाताई म्हणाल्या. पुन्हा केलं. बावन्नचे त्रेपन्न झाले, अठ्ठावन्नचे सत्तावन्न.

"सारखंच की," मी म्हटलं.

"सारखंच. आठवड्याचं ताजं तेल होतं ते. फोर्कनं त्याच्यावर नीट काम केलं असणार, त्याला काय ठाऊक हे वांग्याचं तेल आहे म्हणून! हा चिकटा नंतरचा आहे, उभं राहून राहून वर्षानुवर्षं जमलेला." त्या अनिलरावांसमोर उकिडव्या बसल्या. "ऐकलंत ना? तुमच्या तेलानं नाही पडलो आपण."

"ताई!" मी ओरडलेच. "अहो, आयती सुटका चालून आली होती तुमची. कशाला मोजत बसलात?"

"मोजल्याशिवाय कसं कळणार, ऋता?"

त्यांनी वही ओढली. आजवर कोरा राहिलेला उजवा रकाना त्यांनी एकाच दमात भरला. मी खांद्यावरून वाचत होते. 'नळ्या, स्प्रिंगा, बेअरिंग : दोष नाही. तेल : चुकीचं, पण अपघाताला कारण नाही. ओल्या रुळावर चाक तिरकं नेलं आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला. चूक चालवणारीची.' अक्षर तसंच सरळ होतं. मला भडभडून आलं. एकतीस वर्षं जी शिक्षा आपल्या वाट्याची की नाही हे माहीत नव्हतं, ती या बाईनं स्वतःच्या हातानं लिहून घेतली, आणि ती लिहिली ती नवऱ्याला मोकळं करायला. इतका सच्चेपणा मला झेपला नसता, हे मी इथं कबूल करते.

अनिलरावांनी हात पुढं केला. "पेन्सिल दे."

त्यांनी वही मांडीवर घेतली. त्यांचं अक्षर बारीक, हिशेबाच्या माणसाचं. वृंदाताईंच्या ओळीखाली त्यांनी सावकाश एक ओळ लिहिली आणि खाली सही केली, तारखेसह.

'मागे बसणाऱ्याची तक्रार नाही. पहिल्या दिवसापासून नव्हती.'

वृंदाताईंनी ती ओळ वाचली. मग रॉकेलनं माखलेले दोन्ही हात तोंडावर घेऊन त्या रडल्या, अगदी मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. अनिलराव वाकता येत नसतानाही वाकून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मी थर्मास उचलून वर गेले. चहा करायचं निमित्त होतं, पण वर गेल्यावर मीही तेच केलं.

फोर्क पुन्हा बसवायला पंधरा दिवस गेले. मल्लिकबाजारातून नवी सीलं आली, नळ्या चकचकीत झाल्या. गल्लीच्या तोंडाशी पूजेच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तेल भरायच्या दिवशी वृंदाताईंनी नरसाळं नळीच्या तोंडात बसवलं आणि डबा अनिलरावांच्या हातात दिला. "तुम्ही भरा. पण आधी वाचा."

अनिलरावांनी डबा दाराशी उजेडात नेला, चष्मा पुसला आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं, कारखान्याच्या पत्त्यासकट. मग झाकण काढून वास घेतला. मलाही घ्यायला लावला. इस्त्रीवाला बघत होता, त्यालाही लावला.

"ओतू?"

"ओता," वृंदाताई म्हणाल्या. "आणि रविवारी लवकर उठा. सोनचाफ्याचं रोप आणायचं राहिलंय आपलं."